याचना आणि याचिका



संत लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एका विधवेचा दाखला दिला आहे. न्यायाधीश निगरगट्ट होता; तरी ती त्याच्या दारी जातच राहिली आणि शेवटी न्याय मिळवूनच परतली. हा दाखला आहे तो चिकाटीच्या प्रार्थनेविषयी. पण ती विधवा उभी होती ती न्यायाच्या दारात, हेही विसरू नये. मराठीत ‘याचना’ आणि ‘याचिका’ हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत. देवापुढे करतो ती याचना, न्यायालयापुढे करतो ती याचिका.

आता प्रश्न असा, की ज्याला बोलताच येत नाही त्याची याचिका कोणी करावी? खाडीतल्या तिवराला वकीलपत्रावर सही करता येत नाही. अजून जन्माला न आलेल्या बाळालाही येत नाही. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय सांगतो, की मुक्यांच्या वतीने आपण तोंड उघडावे.

गोव्यातील अ‍ॅड. नॉर्मा आल्वारिस यांनी आपली वकिली याच कामाला वाहिली. १९८६ साली स्थापन झालेल्या ‘गोवा फाउंडेशन’च्या त्या संस्थापक सदस्य. समुद्रकिनारे, वाळूच्या टेकड्या, जंगले यांसाठी त्या वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी चढत राहिल्या. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बेकायदा खाणींविरुद्ध याच संस्थेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावी, असे त्यात ठरले. पुढे सरकारने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण केले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले.

या निकालाची झळ गरिबांनाही लागली. ट्रकवाले, बार्जवरचे कामगार यांची चूल थंडावली. त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही होते. म्हणून खाण थांबवली की न्याय पूर्ण झाला, असे नव्हे. डोंगर वाचवताना कष्टकऱ्याची भाकरीही वाचली पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात हेच शिकवले: पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायचा आहे.

गोवा दूर वाटत असेल तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोणी रात्रभर बसमध्ये अडकले, कोणी गळ्याएवढ्या पाण्यातून घरी आले, कोणी आलेच नाहीत. भरतीचे पाणी अडवणारी, पुराचे पाणी सामावणारी तिवरे आपण भराव घालून बुजवली होती. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, ‘बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’च्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. अंतिम निकाल लागला १७ सप्टेंबर २०१८ रोजी. तिवरे नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असे न्यायालयाने म्हटले. मध्ये तेरा वर्षे गेली. विधवेची चिकाटी ती हीच!

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व २१ व्या कलमांत आहे, असे मान्य केले. पण हक्क कागदावर आला म्हणजे दारात आला असे नाही. तो दारापर्यंत आणणारी माणसे लागतात.

संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीप्रमाणे कायद्याचे प्रयोजन सर्वांचे हित हेच आहे. आपल्या धर्मग्रामातील मुले बारावीनंतर इंजिनीअरिंग, नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंटकडे जातात, चांगलेच आहे. पण एखाद्या मुलीने “मला वकील व्हायचंय” म्हटले, तर “त्यात पैसा कधी मिळणार?” एवढेच विचारू नका. “तू कोणासाठी उभी राहशील?” हेही विचारा. पाचारण फक्त सेमिनरीत आणि कॉन्व्हेंटमध्येच येते असे नाही.

या आठवड्यात समूहाच्या सभेत चर्चा करा:
१. आपल्या विभागातील नाला, खाडी, झाडे यांची आज काय अवस्था आहे?
२. तिथे पाणी भरले की सर्वांत आधी कोणाचे घर बुडते?
३. त्यांच्यासाठी आपण याचना करतो. याचिका, निदान एक अर्ज, कधी केला आहे का?

प्रभू तुम्हांला आशीर्वादित करो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू