शुगरच्या औषधपाण्याचा हिशेब: पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

घरात कुणाची शुगर वाढलेली निघाली की नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरचं नाव सांगणारा पाहुणा हमखास भेटतो. सोबतीला माणूस, गाडीभाडं, बुडालेली मजुरी हे सगळं धरलं, तर एका खेपेच्या खर्चात साध्या गोळ्यांचे कितीतरी महिने निघतात. नव्यानेच निघालेल्या, गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाला इतक्या लांब जायचं कारण नाही.

सुरुवात गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि बीपी तिथे तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना मात्र हा निर्णय लागू नाही. परभणीतही आता शासकीय महाविद्यालय आहे, तेव्हा शहरात दाखवायचं तर काय शुल्क लागेल ते खिडकीवरच विचारा. पालम-सोनपेठहून येणाऱ्या बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा.

मेटफॉर्मिन ही जुनी गोळी आजही बहुतेकांची पहिली गोळी आहे. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. बाहेर साधारण दीड-दोन रुपयांना एक. ती पुरेना झाली की डॉक्टर दुसरी जोडतात आणि बिल तिथे फुगतं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. नामांकित ब्रँडच्या दहा गोळ्यांना तेव्हा १६० ते २६० रुपये पडत होते. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. चिठ्ठी जुनी असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘यातलं जेनेरिक नाव लिहून देता का?’ मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता तालुक्यालाही पोचली आहे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तेव्हा सर्वांत कमी डोसच्या कुपीला ३,५०० रुपये पडत, तेही आठवड्याला. म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. औषध गुणाचं आहे, पण कर्ज काढून चार महिने घ्यायचं आणि मग सोडायचं असेल, तर सुरूच करू नये. ‘शुगर मुळापासून’ घालवणाऱ्या पावडरींवर मात्र रुपयाही घालवू नका.

काटकसर करू नये ती तपासण्यांवर. लोक उपाशीपोटीची शुगर बघतात आणि निर्धास्त होतात. तपासायच्या आदल्या दिवशी गोड टाळलं की तो आकडा बरा दिसतो. एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी सांगते. खासगी लॅबमध्ये तिला साधारण ३०० ते ६०० रुपये पडतात. शुगर आटोक्यात येईपर्यंत ती दर तीन महिन्यांनी करावी, पुढे सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी हवीच. तळपाय रोज स्वतः बघा, त्याला पैसे लागत नाहीत. अनवाणी रानात जाणाऱ्याच्या पायात काटा मोडला, बधिरपणामुळे कळलं नाही आणि जखम चिघळली, की खर्च हजारांत जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचं बिल ती भरत नाही.

आपल्याकडे ज्वारीवर फार भरवसा. ज्वारी चांगलीच, पण तीन भाकरी खाल्ल्यावर शुगर वाढतेच. एक भाकरी कमी करून वरण आणि भाजी वाढवली, तर खर्च फारसा वाढत नाही.

इन्सुलिन लागलं तर साध्या ह्यूमन इन्सुलिनची १० मिलीची कुपी दीडशेच्या आसपास येते. तिच्यावर ‘४० आययू’ लिहिलेलं असेल तर सिरिंजही ४० चीच घ्या, लाल टोपणाची; १०० च्या सिरिंजने डोस चुकतो. उघडलेली कुपी महिनाभरच वापरा. फ्रीज नसेल तर परभणीच्या मे महिन्यात ती कपाटात ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात सावलीला ठेवा आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा.