अमृतराव घाट आणि हिमयुगोत्तर गंगा

काशीच्या घाटांचा इतिहास सांगताना बांधणाऱ्यांची नावे आणि सन यांवर भर दिला जातो, आणि ते योग्यही आहे. नारद घाट व पांडे घाट यांच्या दरम्यानचा अमृतराव घाट, ज्यास राजाघाट असेही म्हणतात, रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधून काढला. १८०३ साली इंग्रजांशी करार करून ते पेशवाईच्या राजकारणातून दूर झाले आणि १८२४ मध्ये काशीतच निवर्तले. परंतु ज्या उंच काठाला हा दगडी घाट टेकलेला आहे, तो काठ येथेच का असावा आणि समोरच्या तीरावर का नसावा, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. त्याच्या उत्तरासाठी पेशवाईच्या कितीतरी मागे, सुमारे वीस हजार वर्षे जावे लागते.

प्रथम प्रत्यक्ष भूमीचे स्वरूप पाहू. येथे गंगा उत्तरवाहिनी आहे. तिच्या पश्चिम तीरावर जुन्या, घट्ट, चुनखडीचे खडे म्हणजे कंकर असलेल्या गाळाचा कडा आहे. या जुन्या गाळाच्या उंच भूमीस उत्तरेत ‘भांगर’ म्हणतात. पूर्वेकडे मात्र दरवर्षी पुराखाली जाणारी सखल वाळू, म्हणजेच ‘खादर’ पसरलेली दिसते. घाटाच्या पायऱ्या भांगराच्या माथ्यावरून नदीच्या पात्रात उतरतात. त्या उतरताना आपण वस्तुतः हिमयुगातील गाळाचे थर ओलांडीत असतो.

सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग पराकोटीस पोहोचले होते. पृथ्वीवरील पाण्याचा फार मोठा भाग बर्फाच्या रूपाने अडकल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती. आशियाचा भूभाग थंड असल्याने मोसमी वारे दुर्बळ होते आणि पाऊस कमी पडत होता. ज्या नदीस पाणी थोडे व गाळ पुष्कळ, ती तो गाळ वाहून नेऊ शकत नाही. तो वाटेतच टाकीत जाते. गंगेच्या मैदानातील भांगराचे वरचे थर अशा दीर्घ साचणीतून तयार झाले.

पुढे पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षातील मंद बदलांमुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातील सूर्यताप वाढत गेला. मधल्या काळात थंडीची एक लाट परतली. ती सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ओसरली आणि आपण ज्यात राहतो तो होलोसीन काल सुरू झाला. भूभाग अधिक तापल्याने मोसमी पाऊस बळावला. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील गाळाच्या अभ्यासावरून, सुमारे ११,००० ते ७,००० वर्षांपूर्वी गंगा-ब्रह्मपुत्रा या नद्या आजच्या दुपटीहून अधिक गाळ समुद्राकडे नेत होत्या, असे अनुमान निघते.

येथे एक शंका संभवते. याच काळात समुद्र वर चढत होता. मग नदीचा उतार कमी होऊन तिने गाळ साचवावयास हवा होता. त्रिभुज प्रदेशात तसे घडलेही. परंतु समुद्राचा प्रभाव काशीपर्यंत पोहोचत नाही. येथे निर्णायक ठरले ते पावसाचे पाणी. बळ वाढलेल्या नदीने आपल्याच पूर्वीच्या गाळात खोल पात्र कोरले आणि भांगराचा कडा पुराच्या वर राहिला. प्रवरेसारख्या दख्खनच्या नद्यांच्या काठांवरही हाच क्रम आढळतो: हिमयुगात साचणी, नंतर खोदाई. मराठी वाचकास हा पुरावा घरच्या नदीवरही पाहता येईल.

या बदलाचा मानवी जीवनाशी निकट संबंध आहे. नद्यांनी सोडून दिलेल्या जुन्या पात्रांत तळी निर्माण झाली. प्रतापगढ जिल्ह्यातील सराय नाहर राय, महदहा व दमदमा येथे अशा तळ्यांकाठी राहणाऱ्या शिकारी समाजांच्या चुली व दफने अलाहाबाद विद्यापीठाच्या उत्खननांत सापडली. पुढे पाऊस उतरणीस लागला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या पर्वाची नोंद मेघालयातील मॉम्लूह गुहेच्या चुनखडी स्तंभात मिळाली, आणि म्हणून २०१८ साली होलोसीनच्या अखेरच्या विभागास ‘मेघालयन’ हे नाव मान्य झाले. राजघाट येथील उत्खननाप्रमाणे काशीची नागरी वसाहत इसवी सनापूर्वी सुमारे ८०० च्या सुमारास आरंभ पावते. ती भांगराच्या कडेवरच वसली, यात आश्चर्य नाही: पाणी जवळ आणि पूर खाली, अशी दुसरी जागा नव्हती.

तथापि ही सुरक्षितता सापेक्ष आहे. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, तर १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. नदीने आपल्या पुरासाठी विस्तार ठेवला आहे तो समोरच्या खादरात. पावसाळ्यानंतर ती वाळू रिकामी दिसते, म्हणून ती मोकळी जमीन आहे असे मानणे चूक ठरते. २०२१ साली तेथे नदीस समांतर कालवा खोदण्यात आला; त्याच पावसाळ्यातील पुराने तो गाळाखाली घातला. उष्ण होत चाललेल्या पृथ्वीवर अतिवृष्टीचे प्रसंग वाढत असताना ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. अमृतरावांच्या कारागिरांनी दगड रचला तो नदीने शिल्लक ठेवलेल्या कड्यावर, तिच्या पुराच्या वाटेवर नव्हे. घाटाची उंची आणि समोरील वाळूची रुंदी ही एकाच नदीची दोन अंगे आहेत. एकाचे रक्षण करून दुसऱ्यावर अतिक्रमण करता येणार नाही.