विद्यापीठाची परीक्षा हुकल्यास काय करावे?

विद्यापीठीय परीक्षांच्या दिवसांत दरवर्षी परीक्षा केंद्रांवरील काही आसने रिकामी राहतात. कोणी विद्यार्थी तापाने अंथरुणाला खिळलेला असतो, कोणाच्या घरी मृत्यू घडलेला असतो, कोणाच्या गावचा पूल पाण्याखाली गेलेला असतो, तर कोणी वेळापत्रकातील बदल न कळल्यामुळे दुसऱ्याच दिवशी केंद्रावर हजर होतो. कारणे भिन्न असली तरी निकालपत्रावर सर्वांच्या नावापुढे एकच शेरा उमटतो : 'अनुपस्थित'.

हा शेरा म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे. बहुतेक प्रसंगी एका पेपरची अनुपस्थिती भरून काढता येते. परंतु त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत काहीच न केल्यास होणारे नुकसान भरून काढणे कठीण जाते. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेली असते, त्या घरात नियम समजावून सांगणारे कोणी नसते. "वर्ष वाया गेले" असा समज होतो, मुलगा कामाला लागतो, मुलीचे लग्न ठरते आणि एका पेपरपायी पदवी कायमची दुरावते. म्हणूनच या विषयाची माहिती विद्यार्थ्यांइतकीच शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनाही असणे अगत्याचे आहे.

उर्वरित पेपर सोडू नयेत

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक पेपर हुकला म्हणून पुढील पेपर सोडून देऊ नयेत. सत्र पद्धतीत प्रत्येक विषयाचे उत्तीर्णत्व सामान्यतः स्वतंत्रपणे मोजले जाते. उत्तीर्ण झालेल्या विषयांची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. राहिलेला विषय तेवढा पुढील परीक्षेत द्यावा लागतो. निराशेच्या भरात उरलेले पेपर सोडणारा विद्यार्थी एका विषयाचे ओझे चार विषयांचे करून घेतो.

केंद्रावर पोहोचण्यास उशीर होत असल्यासही अर्ध्या वाटेवरून परत फिरू नये. उशिरा येणाऱ्यास किती वेळेपर्यंत प्रवेश द्यावयाचा, हे विद्यापीठाच्या नियमांत ठरलेले असते. विद्यार्थ्याने केंद्रप्रमुखांना प्रत्यक्ष भेटावे. प्रवेश नाकारला गेलाच, तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

अर्ज व पुरावा

अनुपस्थितीचे कारण तोंडी सांगून भागत नाही. प्राचार्यांच्या नावे साध्या भाषेत अर्ज लिहावा. त्यात नाव, वर्ग, सत्र, बैठक क्रमांक, विषय, परीक्षेचा दिनांक व अनुपस्थितीचे कारण नमूद करावे. सोबत पुराव्याच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर महाविद्यालयाचा शिक्का व दिनांक घ्यावा.

पुरावा कारणानुरूप असावा. आजारपणासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, औषधोपचाराचे कागद व रुग्णालयात दाखल केले असल्यास तेथील कार्ड जोडावे. घरातील मृत्यूसाठी मृत्यू नोंदणीचा दाखला, अपघातासाठी पोलीस ठाण्यातील नोंद, तर पुरासाठी पंचनामा किंवा महसूल विभागाचा दाखला उपयोगी पडतो. एस.टी. वाटेत बंद पडली असेल तर तिकीट जपून ठेवावे व आगार व्यवस्थापकांकडे लेखी नोंदीची मागणी करावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडणे हा गुन्हा आहे; ते देणाराही दोषी ठरतो. "पैसे द्या, परीक्षा पुन्हा घडवून आणतो" असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. विद्यापीठाचे शुल्क विद्यापीठाच्या वा महाविद्यालयाच्या अधिकृत खात्यातच भरावे व त्याची पावती घ्यावी.

कोणती संधी मिळू शकते?

अंतर्गत परीक्षा व विद्यापीठाची सत्रान्त परीक्षा यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. चाचणी, प्रकल्प, प्रात्यक्षिक यांसारखे अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालय स्वतः करते. त्यामुळे योग्य कारण असल्यास ते पुन्हा घेण्याची तरतूद अनेक ठिकाणी आढळते. मुंबई विद्यापीठाने श्रेयांक पद्धती स्वीकारताना केलेल्या नियमांत, परीक्षा झाल्यापासून आठ दिवसांच्या आत कागदपत्रांसह संस्थाप्रमुखांकडे अर्ज करण्याची अट होती. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा वा सांस्कृतिक उपक्रमांत अधिकृतपणे गेलेल्या विद्यार्थ्यांना सामान्यतः परवानगी द्यावी, असेही त्यात म्हटले होते. मुदत किती थोडी असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

विद्यापीठाची सत्रान्त परीक्षा हुकल्यास मात्र नेहमीचा मार्ग पुढील परीक्षेचा होय. त्या विषयाचा परीक्षा अर्ज मुदतीत भरून विद्यार्थी पुन्हा परीक्षेस बसू शकतो. राहिलेले विषय ठरावीक मर्यादेत असतील तर त्यास वरच्या वर्गात प्रवेश मिळतो. यालाच विद्यार्थी 'ए.टी.के.टी.' म्हणतात, टर्म चालू ठेवण्याची मुभा, असा त्याचा अर्थ. ही मर्यादा विद्यापीठागणिक व अभ्यासक्रमागणिक निराळी असते. म्हणून मित्राच्या महाविद्यालयातील नियम आपल्यालाही लागू असेल, असे गृहीत धरू नये.

एकट्या विद्यार्थ्यासाठी विशेष परीक्षा घ्यावी असा सरसकट हक्क नाही. इतर विषयांच्या सरासरीवरून गुण मिळावेत, अशी मागणीही सहसा मान्य होत नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह प्रवेश वा गुणवत्ता क्रमांक यांवर अनुपस्थितीचा परिणाम होऊ शकतो. त्याची चौकशी महाविद्यालयाच्या कार्यालयात वेळीच करावी.

आपत्ती सर्वांवर ओढवते तेव्हा

अतिवृष्टी, पूर वा साथ यांमुळे परिसरातील अनेकांची परीक्षा हुकते, तेव्हा प्रश्न एका विद्यार्थ्याचा राहत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील कित्येक गावांचा संपर्क पुराने तुटला होता. अशा वेळी प्राचार्यांनी बाधित विद्यार्थ्यांची यादी करून ती विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे तातडीने पाठविणे हिताचे ठरते.

करोनाच्या साथीत विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या. अंतिम सत्राच्या ज्या विद्यार्थ्यास कोणत्याही कारणाने परीक्षेस बसता येणार नाही, त्यास नंतर विशेष परीक्षेची संधी देण्याची तरतूद त्यांत होती. ती केवळ २०१९-२० या शैक्षणिक वर्षापुरती होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिलेल्या निर्णयानुसार, आपत्तीमुळे राज्यांना परीक्षा पुढे ढकलण्याचा निर्णय घेता येईल, परंतु परीक्षेविना अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही. यावरून मोठ्या संकटातही परीक्षेची वेळ बदलू शकते, पण परीक्षा टळत नाही, हे दिसून येते.

परीक्षेस बसूच न दिल्यास

काहींची परीक्षा प्रवेशपत्र न मिळाल्याने हुकते. उपस्थिती अपुरी असणे, परीक्षा अर्ज मुदतीत न भरणे किंवा शुल्क थकणे ही त्याची प्रमुख कारणे होत. उपस्थितीची किमान मर्यादा बहुधा ७५ टक्के असते. आजारपणासारख्या सबळ कारणास्तव काही प्रमाणात सूट मिळू शकते, परंतु तिच्यासाठीचा अर्ज सत्र संपण्यापूर्वी होणे इष्ट असते. गरोदर व बाळंत विद्यार्थिनींना उपस्थिती व परीक्षा अर्जाची मुदत यांबाबत सवलती देणारे नियम करावेत, असे अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळविले आहे. लग्नानंतर शिकणाऱ्या मुलींपर्यंत ही माहिती पोहोचली पाहिजे.

शुल्काबाबतही असेच आहे. राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा दिलेल्या सवलतींत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काच्या माफीचा समावेश होता. आपला तालुका अशा यादीत असेल तर ग्रामपंचायतीने ही बाब ग्रामसभेत वाचून दाखवावी.

दाद कोठे मागावी?

नियमानुसार मिळणारी संधी नाकारली गेल्यास प्रथम प्राचार्यांकडे व नंतर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने तक्रार आल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. अपील ३० दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न लोकपालांनी करावयाचा आहे. अर्थात, ज्याच्या हाती अर्जाची पोच आहे त्याचीच बाजू येथे बळकट ठरते.

ज्यांना परिस्थितीमुळे शिक्षणच थांबवावे लागते, त्यांच्यासाठीही दार पूर्णपणे बंद झालेले नाही. २०२१ पासून अस्तित्वात आलेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत मिळविलेले श्रेयांक जमा राहतात. त्यांची ग्राह्यता कमाल सात वर्षे असते.

गावाची जबाबदारी

विद्यार्थ्याला विद्यापीठाचे कार्यालय दूर असते, पण पुराव्याचा कागद बहुधा गावातच मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी व पोलीस पाटील यांनी खरा दाखला मागितल्या दिवशीच दिला, तर विद्यार्थ्याचे सहा महिने वाचू शकतात. "दोन दिवसांनी या" हे उत्तर इतर कामांत खपून जाते; येथे त्याची किंमत मोठी असते.

माध्यमिक शिक्षकांनी आपले माजी विद्यार्थी परीक्षेच्या काळात गावी दिसल्यास त्यांची आस्थेने विचारपूस करावी. परीक्षा हुकल्याचे मुले घरी लपवितात, पण जुन्या गुरुजींना ती सांगतात. अशा वेळी रागावण्याऐवजी त्यांना कागद-लेखणी देऊन अर्ज लिहावयास बसवावे आणि दुसऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीने महाविद्यालयात पाठवावे. रिकाम्या राहिलेल्या आसनावर पुढील परीक्षेत तोच विद्यार्थी पुन्हा बसावा, यासाठी एवढी मदत प्रत्येक गावाला करता येण्याजोगी आहे.