चोडणची खारफुटी : पाहावी कशी, केव्हा

आपल्या खानापूर तालुक्यातील देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई सह्याद्री उतरून गोव्यात जाते आणि समुद्राकडे सरकता सरकता मांडवी या नावाने ओळखली जाते. भूगोलाच्या पुस्तकात एवढे वाचून आपण पान उलटतो. या नदीचे पाणी खारे होऊ लागते तेव्हा काठावर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर पणजीशेजारच्या चोडण बेटावर जावे. बेळगावहून चोर्ला घाटाने गेल्यास ही सहल एका मुक्कामात सहज होते. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांतच आपण बेटावर उतरतो. बेटाच्या पश्चिम टोकाला १.७८ चौरस किलोमीटरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली घोषित झाले.

अभयारण्य म्हटल्यावर दिवसभराची रपेट डोळ्यांसमोर आणू नये. आत खारफुटीतून जाणारी पायवाट लहान आहे. भरभर चालणारा तरुण ती थोडक्या वेळात संपवील आणि ‘काही दिसले नाही’ म्हणून परत येईल. येथे पायांपेक्षा थांबण्याचा व्यायाम अधिक.

पहिली गोष्ट वेळेची. पक्षीनिरीक्षणाला पहाटे जावे हा नियम रानात ठीक. खाडीत घड्याळ चंद्राच्या हाती असते. एका भरतीनंतर सुमारे साडेबारा तासांनी दुसरी भरती येते, म्हणजे रोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकणातल्या कोळ्यांची यावर एक जुनी, सुटसुटीत रीत आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. आत खाडीत थोडा फरक पडतो, परंतु बेत आखण्यापुरता हा अंदाज पुरेसा आहे. तेव्हा तृतीया-चतुर्थी गाठावी. सकाळच्या उन्हात चिखल उघडा सापडतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठे असते खरे, पण ऐन दुपारच्या आधी झाडे कमरेपर्यंत पाण्यात असतात आणि पक्षी फांद्यांवर गप्प बसलेले. (हे गणित वर्गात फळ्यावर मांडले, तर पंचांगाकडे पाहण्याची विद्यार्थ्यांची दृष्टी बदलते असा माझा अनुभव आहे.)

पाणी उतरले की प्रथम मुळे पाहावीत. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. बोटाने उकरल्यास खाली काळा थर लागतो व कुजक्या अंड्यासारखा वास येतो. साध्या झाडाची मुळे येथे गुदमरून मरतील. तिवराने यावर काढलेला उपाय म्हणजे जमिनीतून वर आलेली, पेन्सिलीसारखी शेकडो श्वसनमुळे. त्यांच्यावरील बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते. कांदळ खोडापासून कमानीसारखी आधारमुळे सोडतो; तीही श्वास घेतात आणि लाटेत झाडाला तोलूनही धरतात. मिठाचा प्रश्नही दोघांनी वेगवेगळा सोडविला आहे. कांदळ बहुतेक मीठ मुळांशीच अडवितो. तिवर ते आत घेतो व पानांतून बाहेर टाकतो. उन्हात त्याच्या पानावर जिभेचे टोक लावून पाहावे, प्रयोगशाळा लागत नाही.

कांदळाच्या बीची तऱ्हा तर मला सर्वांत विलक्षण वाटते. बी झाडावर असतानाच रुजते. हातभर लांबीची हिरवी शेंग म्हणून आपण जी पाहतो ती शेंग नसून लोंबकळणारे रोप असते. ते पावसाळ्याच्या सुमारास गळते. उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्रासारखे खारे असलेले येथील पाणी पावसाळ्यात घाटावरच्या लोंढ्याने जवळजवळ गोडे होते, आणि कोवळ्या रोपाला पहिले दिवस सुसह्य जातात. खानापूरच्या पावसाचा येथे असा संबंध आहे.

आता चिखलाकडे. उड्या मारीत जाणारा मासा म्हणजे निवटी. ओल्या त्वचेतूनही तो श्वास घेतो. एकच नांगा अवाढव्य असलेला लहान खेकडा दिसला तर तो नर समजावा. तो नांगा हलवून तो मादीला बोलावतो व इतर नरांना धमकावतो. यांच्या मागावर वंचक, बगळे, खंड्या. हिवाळ्यात, ऑक्टोबर ते मार्च, उत्तरेकडून आलेले तुतवार आणि लांब चोचीचे इतर चिखलपक्षी. नवशिक्याने नावांच्या मागे लागू नये. आधी चोच पाहावी. आखूड चोचीचा पक्षी वरवरचे टिपतो, लांब वाकड्या चोचीचा खोल बिळातले ओढून काढतो, म्हणून एकाच हातभर चिखलावर दोघे न भांडता जेवतात. पाणमांजरे असतात, पण दिसणे नशिबाचे. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. चिखलात उतरण्याचा उत्साह आवरावा.

परतताना बेटावरील बांधांवरून थोडे चालावे, कारण अर्धी कथा तेथे आहे. खाडीला बांध घालून मिळविलेल्या शेतीला गोव्यात खाजन म्हणतात. बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. भरतीचे पाणी ते आपोआप लोटून बंद करते, ओहोटीला आतले पाणी ते उघडून बाहेर पडते; ना यंत्र, ना पहारेकरी. आत क्षार सोसणारे कोरगूट भात पिकते. पण बांधाला दरवर्षी माती लागते, माणसे लागतात. जेथे ती मिळेनाशी झाली व बांध फुटला तेथे खारे पाणी शिरले, आणि काही वर्षांत शेतात तिवर उभा राहिला. झाड वाढले म्हणून आपण टाळ्या वाजवितो, पण त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते त्याच्या भाताचे थडगे असते. शिवाय खारफुटी तोडण्यावर कायद्याने बंधन असल्याने जमीन परत मिळविणेही अवघड. खारफुटी राखलीच पाहिजे असे मी मानतो. परंतु चांगला बांध फुटू देऊन वाढलेल्या रानाला निसर्गरक्षण म्हणण्यास माझी तयारी नाही.

पाण्याचा दुसरा प्रश्न आपल्या घरचा आहे. म्हादईच्या पाण्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही. तसेच खाडीत उतरणाऱ्या गोड्या पाण्याचे प्रमाण बदलले तर खारेपणाची सीमा हलते आणि तिच्याबरोबर मासे, झाडे व कोरगूटही, हेही खोटे नाही. दोन्ही बाजूंच्या सभांतून ऐकू येणाऱ्या भाषणांत या सीमेचा उल्लेख मला क्वचितच आढळला. जाणाऱ्यांनी एक साधे काम करावे : फेरीच्या धक्क्यावर आणि बांधाच्या आत अशा दोन ठिकाणचे पाणी बाटलीत भरून आणावे, तारीख, तिथी व भरती-ओहोटी लिहून चिठ्ठी लावावी. आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजता येते. एकदा जानेवारीत, एकदा मेमध्ये आणि जमल्यास ऑगस्टमध्ये.