सार, तुमचं टूल बोथट आहे

प्रस्तुत लेखकाची बेंगळुरूत पीण्याला मशिनिंगची छोटी शेड आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्याच फाउंड्रीतून पंपाच्या बॉडीचे 60 जॉब आले, मटेरियल एलएम25 अॅल्युमिनियम. वरून एकदम साफ. बोअरला कट लागला आणि आतून टाचणीच्या डोक्याएवढी भोकं उघडी पडली. 11 जॉब भंगारात.

फाउंड्रीवाल्याने जॉब उजेडाकडे धरला आणि शांतपणे सांगितलं, "सार, तुमचं टूल बोथट आहे." दुसऱ्या दिवशी दोष ड्रॉइंगचा निघाला. तिसऱ्या दिवशी फोन उचलला गेला नाही. बोथट टूल भोकं पाडतं, हे लेखकाने बावीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं!

उलगडा झाला तो घरी, सरबताच्या पेल्यात. बर्फाचा खडा कडेला काचेसारखा, मधोमध पांढुरका. पाणी कडेकडून गोठत आत सरकतं. त्यात विरघळलेली हवा बर्फात मावत नाही, उरलेल्या पाण्यात साठत जाते आणि शेवटी तिचे बुडबुडे होतात. अॅल्युमिनियममध्ये हेच हायड्रोजन करतो. 660 अंशांना 100 ग्रॅम रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, तो सुमारे 0.7 मिलिलिटर मावतो, रस गोठला की जेमतेम 0.04. बाकीचा जाणार कुठे? बुडबुड्याला सुरुवातीला आधार लागतो, तो रसात दुमडून गेलेल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांत मिळतो. जिथे जाडी जास्त, तिथे रस सावकाश गोठतो, गॅस गोळा व्हायला वेळ मिळतो आणि भोक मोठं होतं.

लेखकाने रात्रीच शेड उघडून अकराही जॉब पुन्हा पाहिले. भोकं फक्त जाड बॉसमध्ये (उंचवट्यांत), गोल, आतून चकचकीत. आकसल्याने पडलेली पोकळी अशी नसते, ती वेडीवाकडी, खरबरीत असते. टूल बिचारं निर्दोष सुटलं.

हायड्रोजन येतो पाण्यातून. तापलेला रस वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो, हायड्रोजन आत शिरतो. म्हणून पावसाळ्यात ओले इनगॉट, तेलकट भंगार, न तापवलेला डाव, सगळं महागात पडतं. रस गरजेपेक्षा जास्त तापवला तर तो आणखी गॅस पितो.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी भट्टीपाशी जाऊन उभं राहावं. ग्रॅफाइटच्या रोटरने नायट्रोजन सोडून डिगॅसिंग करतात का, आणि त्यानंतर रस किती वेळ तसाच ठेवतात, हे विचारावं. एकाच रसाचे दोन नमुने घ्यायला लावावेत, एक उघड्यावर गोठवलेला, दुसरा कमी दाबाखाली. दोन्हींच्या घनतेत फरक जेवढा मोठा, तेवढा रसात गॅस. पहिला जॉब जाड भागात कापून बघावा. बाकी, सगळं लेखी घ्यावं, शेजारधर्म वगैरे बाजूला ठेवावा.

लेखक भट्टीपाशी गेला तो नंतर. नायट्रोजनचा सिलिंडर होता, त्यावर रेग्युलेटर नव्हता. भंगारातल्या जॉबची डेबिट नोट अजून फाउंड्रीवाल्याच्या टेबलावर पडून आहे. आयुधपूजेच्या चुरमुऱ्यांची पिशवी मात्र वेळेवर आली.