नावाचा रकाना

लखनऊच्या अलीगंज भागातील एखाद्या जनसेवा केंद्रात मराठी भाषक मनुष्य अर्ज भरण्यास गेला, तर त्याच्यासमोर बहुधा दोन रकाने येतात: अर्जदाराचे नाव आणि वडिलांचे अथवा पतीचे नाव. मराठी रीतीत मात्र वडिलांचे नाव स्वतःच्या नावाच्या पोटातच असते. याच शहरात १९२६ साली सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयाचे संस्थापक विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव पाहा. विष्णु हे त्यांचे नाव, नारायण हे वडिलांचे आणि भातखंडे हे आडनाव. आता 'नारायण' कोणत्या रकान्यात लिहावे? एका कागदावर 'विष्णु भातखंडे' आणि दुसऱ्यावर तिन्ही शब्द आले, तर नुसती अक्षरे जुळवून पाहणाऱ्या संगणकाच्या लेखी ही दोन निराळी माणसे ठरतात.

संगणकाची आज्ञावली लिहिण्यापूर्वी कोणती माहिती ठेवायची, तिचे किती भाग पाडायचे आणि ते एकमेकांशी कसे जोडायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. या कामाला डेटा मॉडेलिंग, म्हणजेच माहितीची रचना, असे म्हणतात. माहिती तक्त्यांत मांडून ते तक्ते परस्परांशी जोडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. पुढे १९७६ साली पीटर चेन यांनी असे संबंध आकृतीने दाखवण्याची पद्धत दिली. आजही अनेक आज्ञावलीकार आधी ही आकृती काढतात. काही जण काढत नाहीत, आणि त्याचा त्रास खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला होतो.

१८६५ साली जन्मलेल्या यमुना गणपतराव जोशी लग्नानंतर आनंदी गोपाळराव जोशी झाल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. आडनाव तेवढे तेच राहिले. बाकी सारे बदलले. त्यांची नोंद आजच्या संगणकात असती आणि नावासाठी एकच रकाना असता, तर नवे नाव लिहिताच जुने पुसले गेले असते. मग यमुना आणि आनंदी एकच, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच पडला असता. लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या कितीतरी स्त्रियांना गुणपत्रिका आणि ओळखपत्र जुळवताना हा भार आजही वाहावा लागतो. तुमच्या घरातील कागदपत्रे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. व्यक्तीला एक कायम क्रमांक द्यावा. नावांचा तक्ता वेगळा ठेवावा. त्यात प्रत्येक नावापुढे तो क्रमांक, नाव कधीपासून कधीपर्यंत होते आणि ते का बदलले, हे लिहावे. एका व्यक्तीला अनेक नावे जोडता येतात; जुने नाव पुसावे लागत नाही.

येथे एक गोष्ट मनाला खटकते. आज्ञावलीकार स्वतःच्या कामात काहीही पुसू देत नाहीत. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले 'गिट' हे साधन आज्ञावलीतील प्रत्येक नोंदवलेला बदल, तो करणाऱ्याचे नाव आणि वेळ यांसह जपून ठेवते. स्वल्पविराम बदलला तरी त्याचा इतिहास उरतो. तीच काळजी माणसाच्या नावाबाबत मात्र पुष्कळदा घेतली जात नाही.

रचना मागाहून बदलणे तर अधिक कठीण. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे. आईला स्थान मिळाले, हे योग्यच झाले. परंतु जुन्या तक्त्यात नुसता एक रकाना वाढवला, तर आधीच्या असंख्य नोंदींपुढे तो कोरा राहतो. त्या वेळी आईचे नाव विचारलेच नव्हते, की विचारूनही मिळाले नाही, हे कोऱ्या जागेवरून कळत नाही. म्हणून या दोन स्थितींसाठी दोन वेगळ्या खुणा ठेवाव्या लागतात, आणि त्या कोणत्या हे रकाना जोडण्यापूर्वीच ठरवावे लागते.