अन्ननलिकेचा दाह : ऊतक-तपासणीतून निदान

घशाकडून जठराकडे अन्न नेणारी अन्ननलिका प्रौढ माणसात सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते. तिच्या अस्तराला सूज येणे म्हणजे अन्ननलिकेचा दाह होय. छातीत जळजळ होणे, गिळताना दुखणे व घास अडकणे ही त्याची प्रमुख लक्षणे. अशा रुग्णास बहुधा आम्लपित्ताचे औषध दिले जाते आणि पुष्कळांना त्याने आरामही पडतो. परंतु दाहाची कारणे अनेक असून प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. आराम न पडणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत दुर्बिणीतून काढलेला ऊतकाचा लहानसा तुकडा, म्हणजे बायॉप्सी, पुढील दिशा दाखवू शकते.

तुकडा कोठून घ्यावा?

निदानाची अर्धी वाट येथेच ठरते. व्रण दिसत असल्यास त्याची कड व तळ या दोन्ही ठिकाणांहून तुकडे घ्यावे लागतात. हर्पिसच्या विषाणूने बाधित झालेल्या पेशी कडेच्या अस्तरात सापडतात, तर सायटोमेगॅलो विषाणूच्या खुणा तळातील रक्तवाहिन्यांच्या पेशींत आढळतात. केवळ एकाच जागेचा तुकडा घेतल्यास दुसरा आजार निसटतो. काढलेले तुकडे तत्काळ 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावेत व कोणता तुकडा कोणत्या पातळीवरचा, हे बाटलीवर लिहावे.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

जठरातील आम्ल वर आल्याने होणाऱ्या दाहात अस्तराचा तळचा थर जाड होतो, पेशींमधील अंतर वाढते व दाहपेशी तुरळक दिसतात. मात्र ही चिन्हे अन्य कारणांनीही उद्भवतात; तसेच तुकडा निर्दोष आला म्हणून आम्लाचा त्रास नाहीच, असे म्हणता येत नाही. कँडिडा या बुरशीचे तंतू पी.ए.एस. रंजनाने उठून दिसतात. मधुमेही, एच.आय.व्ही.बाधित किंवा दमा-फवारा घेणाऱ्या रुग्णांत ती विशेषेकरून शोधावी. डॉक्सिसायक्लिन, लोह वा अॅलेंड्रोनेटच्या गोळ्या अन्ननलिकेत अडकूनही व्रण होतात. कधी कधी गोळीचे कणच व्रणात सापडतात.

इओसिनोफिलजन्य दाह

1990 च्या दशकाच्या आरंभी स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेलेला हा दाह आजही सहज नजरेआड होतो. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जठर व आतड्यात थोड्याफार असतातच. अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरात मात्र त्या नसतात. सूक्ष्मदर्शकाच्या उच्च वर्धनाच्या एका क्षेत्रात त्या 15 किंवा अधिक आढळल्या, घास अडकण्यासारखी लक्षणे असली आणि अन्य कारणे वगळली गेली, तर हे निदान करता येते. दमा व अॅलर्जी असणाऱ्यांत हा आजार अधिक दिसतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, काही रुग्णांत दुर्बिणीतून अस्तर अगदी निर्दोष भासते. म्हणून घास अडकत असल्यास डोळ्यांना काही न दिसले तरी तुकडे घ्यावेतच. दुसरी, या पेशी सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात. त्यासाठी निरनिराळ्या पातळ्यांवरून किमान 6 तुकडे घेण्याची शिफारस आहे. आम्लरोधक औषधाने या पेशींची संख्या घटू शकत असल्याने ते चालू असल्यास तसे कळवणे अगत्याचे आहे. निदान राहून गेल्यास वर्षानुवर्षांच्या दाहाने अन्ननलिका अरुंद होत जाते; वेळीच कळल्यास औषध व आहारातील पथ्य यांनी दाह आटोक्यात येऊ शकतो.

अर्जावरील चार ओळी

बायॉप्सीसोबतच्या अर्जावर पुष्कळदा केवळ ‘दाह?’ एवढेच लिहिलेले असते. रुग्णाची लक्षणे, चालू औषधे, पूर्वीचे आजार व दुर्बिणीतून दिसलेले दृश्य या चार बाबी नमूद केल्यास विकृतितज्ज्ञास नेमके काय शोधावयाचे ते कळते. पेशींची संख्या हे स्वतः निदान नव्हे. रुग्ण, दुर्बीण व सूक्ष्मदर्शक या तिघांची साक्ष जुळली म्हणजेच निदान पूर्ण होते. रुग्णांनीही, घास वारंवार अडकत असल्यास केवळ पाण्याच्या घोटावर वेळ न निभावता वैद्यकीय सल्ला घ्यावा.